पेट्यांवर पत्ता काय रंगवायचा?

ताई,
माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. सध्या आम्ही जालंधरला क्वार्टरमध्ये राहतो. मार्चअखेर खडकीला पोस्टिंग आहे. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत, दोघंही इथल्या केंद्रीय विद्यालयात. गाव आमचं कोरेगाव तालुक्यात. पुण्याला मी आजवर दोनदा आले, तेही लग्नाच्या बस्त्याला. खडकीत क्वार्टरची यादी मोठी आहे, सहा-आठ महिने बाहेर काढावे लागतील म्हणतात. म्हणून महिनाभर मी मोबाइलवर घर शोधतेय. 'मिस्टर आर्मीत आहेत, बदली झालीय' म्हटलं की निम्मे मालक फोनच ठेवतात. आमचं काय चुकतं कळत नाही. एक मालक मात्र फार आपुलकीनं बोलले. म्हणाले, मीही फौजीच, बदलीमुळे धानोरीतला फ्लॅट द्यायचाय. टू बीएचके, भाडं फक्त १२ हजार. फोटो सुंदर आहेत. घर बघायला सोसायटीचा पास काढावा लागतो त्याचे अडीच हजार आणि टोकन दहा हजार आजच पाठवा, नाहीतर दुसऱ्याला जाईल म्हणतात. आमचे हे म्हणतात, 'तिकडे गेल्यावर बघू.' पंधरा वर्षं हेच ऐकतेय. थोरल्या जाऊबाई हडपसरला असतात, त्या म्हणतात क्वार्टर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहा. मला ते नकोय, पण नको कसं म्हणू? यांनी पेट्या रंगवायला काढल्यात आणि रोज विचारतात, पत्ता काय लिहू?
— एक फौजी घरवाली, जालंधर

वहिनी,

आमचे हे सुभेदार होऊन निवृत्त झाले त्याला बारा वर्षं झाली, तरी फौजी घरातली बाई भेटली की तोंडातून 'वहिनी'च निघतं. चालवून घ्या.

पहिलं काम हे वाचता वाचताच करायचं. त्या धानोरीवाल्याला एक रुपयाही पाठवू नका. पासाचे नाहीत, टोकनचे नाहीत, 'नंतर परत मिळतात' म्हणाला तरी नाहीत. आणि पत्र टाकल्यानंतर पाठवून मोकळ्या झाला असाल, तर लाजेनं गप्प बसू नका. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे, त्यावर लगेच फोन लावा आणि बँकेलाही कळवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत कळलं तर अडवता येण्याची आशा असते. घर बघायला येणाऱ्याकडून पासाचे अडीच हजार घेणारी सोसायटी मी पुण्यात अजून पाहिलेली नाही. गेटवर एक वही असते, तिच्यात नाव-नंबर लिहायचा, वॉचमन वर फोन लावतो, झालं. फार तर पार्किंगमध्ये गाडी लावू नका म्हणून ओरडतो.

बरं, खरा फौजी बदलीच्या धांदलीत स्वतःचा फ्लॅट द्यायला निघाला तर आधी कुणाला सांगेल? युनिटमधल्या चार जणांना, कॅन्टीनच्या रांगेत भेटलेल्याला. त्याला दहा दिवसांत भाडेकरू मिळतो आणि तोही ओळखीचा. तो बाजारभावाच्या इतका खाली कशाला उतरेल? त्यालाही हप्ते असतात.

मालक तुमचा फोन का ठेवतात, त्याचं उत्तरही इथंच आहे. तुमचं काहीच चुकत नाही. त्यांना असे 'फौजी' रोज फोन करतात. माझ्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकेनं वरच्या फ्लॅटची जाहिरात टाकली, तर तासाभरात फोन: 'मॅडम, मैं आर्मी से बोल रहा हूँ, पुणे ट्रान्सफर हुआ है, फोटो देख लिया, घर पसंद है.' मागोमाग व्हॉट्सॲपवर वर्दीतला फोटो, ओळखपत्र, कॅन्टीन कार्ड. डिपॉझिट आत्ता पाठवतो म्हणाला, पण 'आर्मी का अकाउंट है, प्रोसेस अलग है', आधी तुम्ही एक रुपया पाठवा, मग मी पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका. बाईंनी पिन टाकला. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, पण समोरचा वर्दीतला म्हणून डोकं बाजूला ठेवलं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. एवढं एक वाक्य तुम्हीही पाठ करा आणि जाऊबाईंनाही सांगा.

फौजीचा मान आहे म्हणूनच चोर ती वर्दी भाड्यानं आणतात. त्याची झळ खऱ्या फौजीच्या घरवालीला बसते, हा अन्यायच. पण मालकावर रागावून घर मिळणार नाही. तुम्ही फोनवर जे पहिलं वाक्य बोलता, नेमकं तेच चोराचं पाठ केलेलं पहिलं वाक्य आहे: आर्मी, बदली, लांब आहोत, घर पसंत आहे. वाक्य बदला. 'मी कोरेगावची, आमचे थोरले दीर हडपसरला असतात. पुढच्या महिन्यात घर बघायला येतेय, दुपारी चार वाजता आले तर चालेल का?' आर्मीचं नंतर सांगा, समोर बसून. चोर घर बघायला कधी येत नाही, हे आता मालकांनाही कळलंय. आणि समोर बसल्यावर बघा, याच शहरात 'फौजी भाडेकरू द्या, भाडं पाच तारखेच्या आत येतं' म्हणणारे मालकही निघतात. मटण करता का, असं विचारणारेही निघतील. खरं सांगून टाका, नंतर रविवारी कुकरच्या शिट्टीचा वास लपवत बसायला नको.

एक गोष्ट मात्र कडकपणे सांगते. यांचं ओळखपत्र, वर्दीतला फोटो, युनिटचं नाव व्हॉट्सॲपवर कुठल्याही मालकाला, एजंटला पाठवायचं नाही. त्या शिक्षिकाबाईंना आलेलं ओळखपत्र तरी कुठून आलं असेल? तुमच्याआमच्यासारख्या कुणीतरी विश्वासानं पाठवलेलंच असणार. मालकाला ओळख पटवायची जागा म्हणजे कराराची नोंदणी. तिथं आधारवर अंगठा लागतो, दोघांचाही.

आता 'तिकडे गेल्यावर बघू'. वहिनी, हे ऐकून माझीही अर्धी हयात गेली. तरी या एका बाबतीत मी साहेबांच्या बाजूनं निम्मी आहे.

१९९७ साली आम्ही सिकंदराबादहून पुण्याला आलो. मी हट्ट धरला की घर ठरल्याशिवाय गाडीत पाय ठेवणार नाही. एसटीडी बूथवरून फोन करकरून ओळखीच्या ओळखीनं एक घर ठरवलं, मनीऑर्डरनं डिपॉझिट पाठवलं. न बघता. स्टेशनवरून टेम्पोनं पोचलो, तर घर खरंच छान होतं. दोन खोल्या, पुढं गच्ची, दारात चिकूचं झाड. फसवणूक अजिबात नव्हती. दुसऱ्या दिवशी कळलं, पाणी टँकरचं. तिसऱ्या दिवशी कळलं, शाळेची बस मेन रोडला थांबते आणि मेन रोड पंचवीस मिनिटं चालण्याच्या अंतरावर. सहा वर्षांची पोरगी हाताशी, तीन वर्षांचा पोरगा कडेवर, अंधारात टॉर्च घेऊन मी चार महिने काढले आणि मग घर सोडलं. मालकानं 'रंगाचे' म्हणून सगळं डिपॉझिट ठेवून घेतलं. करार तोंडी होता, बोलणार काय? त्या चिकूचा एक चिकूही आम्हाला खायला मिळाला नाही, हंगाम यायच्या आतच निघालो.

तेव्हा लांबून घर पक्कं करू नका, हे साहेबांचं बरोबर. पण म्हणून ट्रक, पेट्या, दोन पोरं घेऊन एप्रिलच्या उन्हात उतरायचं आणि मग बघायचं, हे चूक. मधला रस्ता असा: फेब्रुवारीत चार दिवस तुम्ही एकट्या या. झेलम एक्स्प्रेस जालंधर कँटवरून थेट पुण्याला येते, दीड-पावणेदोन दिवस लागतात. फौजींची गाडी आहे ती, डब्यात ओळख निघणारच. पोरांना शेजारच्या वहिनींकडे ठेवा. उद्या त्यांची पोरं तुमच्याकडे असतील, क्वार्टरमध्ये हे चालतंच. परीक्षा अडचणीत येत असेल तर साहेबांनी एक अर्ज करून बघावा, मुलांच्या परीक्षेपर्यंत जुनं क्वार्टर ठेवायची परवानगी मिळू शकते.

या चार दिवसांत पहिले दोन दिवस घर बघायचं नाही. शाळा बघायची.

हे उलटं वाटेल, म्हणून सांगते. साहेब खडकीला कुठूनही पोचतील. पहाटे पीटीला निघणाऱ्या माणसासाठी पुण्यात ट्रॅफिक नसतोच. सहाच्या आत रस्ते मोकळे, सिग्नल पिवळे मिचकावत असतात. ट्रॅफिक असतो तो साडेसातच्या शाळेच्या बसला आणि दुपारी परत येणाऱ्या दमलेल्या पोराला. म्हणून फौजी घरानं युनिटच्या गेटपासून अंतर मोजू नये, शाळेच्या बसच्या थांब्यापासून मोजावं. मुलगी नववीत जाणार आहे. नववीत बोर्डाची नोंदणी होते, ती एकदा झाली की दहावीपर्यंत शाळा न बदललेली बरी. बदलीमुळे दहावीतही शाळा बदलता येते, पण बोर्डाची परवानगी, कागदपत्रं, पोरीचं डोकं, सगळ्यालाच ताप. म्हणजे तुम्ही सहा-आठ महिन्यांचं घर शोधत नाही आहात, दोन वर्षांची शाळा शोधता आहात. घर क्वार्टर मिळालं की बदलेल. शाळा बदलू नये.

मुलं केंद्रीय विद्यालयात आहेत हे तुमचं नशीब. बदलीवर एका केंद्रीय विद्यालयाचा दाखला दुसऱ्यात चालतो आणि बदलीच्या नोकरीतल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना तिथं प्राधान्य असतं. खडकीच्या आसपास बीईजीचं (लष्कराचा बॉम्बे इंजिनिअर ग्रुप), सीएमईचं (लष्कराचं इंजिनिअरिंग कॉलेज) आणि गणेशखिंडीचं अशी केंद्रीय विद्यालयं आहेत. आर्मी पब्लिक स्कूल खडकीतही आहे आणि दिघीतही. प्रत्येक ठिकाणी जाऊन दोनच गोष्टी विचारा: नववीत आणि चौथीत जागा आहे का, आणि मुलांना नेणाऱ्या बस-व्हॅन कुठल्या रस्त्यांनी फिरतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑफिसात मिळणार नाही. शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभ्या असलेल्या व्हॅनवाल्या काकांना विचारा. त्यांच्याकडे सगळ्या पुण्याचा नकाशा असतो, आणि कुठल्या सोसायटीत फौजी राहतात तेही त्यांना ठाऊक असतं.

शाळा कळली की भाग आपोआप ठरतो. खडकीला नदीच्या अंगानं दोन बाजू आहेत. होळकर पूल ओलांडून विश्रांतवाडी, कळस, टिंगरेनगर, पुढं आळंदी रोडनं दिघी, आतल्या अंगाला धानोरी. दुसऱ्या बाजूला बोपोडी, दापोडी, सांगवी, पिंपळे गुरव, औंध रोड. बीईजी किंवा दिघीची शाळा मिळाली तर पहिली बाजू, सीएमई किंवा गणेशखिंड मिळाली तर दुसरी. मुलांना रोज सकाळी होळकर पूल ओलांडायला लागेल असं घर घेऊ नका, बाकी माझा हट्ट नाही. दापोडी-बोपोडीला आता मेट्रो आहे, तुम्हाला स्वतःला शहरात यायचं तर तिचा फार आधार. विश्रांतवाडीत मी स्वतः राहते, म्हणून तिची तारीफ करत नाही. बाजार चांगला आहे, एवढंच.

नकाशावर जवळ दिसणाऱ्या जागांना मात्र भुलू नका. छावणीच्या शहरात नकाशा अर्धंच सांगतो, मध्ये लष्कराची हद्द असते, गेट असतं, गेटाची वेळ असते. बोपखेलचंच बघा, खडकी आणि बोपखेल यांच्यामध्ये नुसती मुळा नदी. पण २०१५ मध्ये सीएमईच्या हद्दीतला रस्ता नागरिकांना बंद झाला आणि गावाला दिघी-विश्रांतवाडीवरून वळसा पडला. नदीवर पूल व्हायला पुढं कित्येक वर्षं गेली. म्हणून ज्या रस्त्यानं रोज जायचं आहे त्या रस्त्यानं, सकाळी सातला, रिक्षानं एकदा जाऊन बघा. रिक्षाचे दीडशे रुपये तुमच्या डिपॉझिटपेक्षा कमीच आहेत.

पाण्याचं दोन्ही टोकांनी विचारायचं. धानोरी-लोहगावच्या नव्या इमारतींत उन्हाळ्यात टँकर येतात का, महापालिकेचं पाणी किती वेळ, हे मालकाला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. आणि नदीकाठच्या घरांत उलटा प्रश्न: पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं होतं? २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडची एकतानगरी बुडालेली टीव्हीवर सगळ्यांनी पाहिली; मुळेकाठच्या सांगवीतही तेव्हा पाणी शिरलं. तळमजला स्वस्त मिळत असेल तर पार्किंगच्या भिंतीवर चिखलाची रेघ शोधा. लोहगावच्या बाजूला विमानांचा आवाज आहे, सुखोई उठलं की बोलणं थांबवावं लागतं. फौजीच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. माझी तर गच्चीवर धावायची.

पैशांचं. क्वार्टर मिळेपर्यंत घरभाडे भत्ता मिळतो. त्यासाठी पुणे पहिल्या वर्गात, म्हणजे 'एक्स' शहरांत धरलं जातं आणि महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून, जानेवारी २०२४ पासून, दर मूळ वेतनाच्या ३० टक्के आहे. मूळ वेतन ४० हजार असेल तर १२ हजार. तुमच्या हातात नक्की किती पडेल ते युनिटचा क्लार्क पाच मिनिटांत सांगेल, आणि क्वार्टर नसल्याचा कुठला दाखला लागतो तेही. साहेबांना म्हणावं, हजर झाल्याच्या दिवशीच क्वार्टरच्या यादीत नाव घाला, 'उद्या घालतो' नको. आणि हेही तेव्हाच विचारून ठेवा की नंबर लागल्यावर क्वार्टर नाकारलं तर भत्त्याचं काय होतं. वर्षभरासाठी सुंदर फ्लॅट घेऊन बसलात आणि चौथ्या महिन्यात नंबर लागला, तर दोन्हीकडून कात्रीत.

म्हणून करार. इथं जरा थांबते, कारण १९९७ साली मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

मालक म्हणेल, 'पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, नोंदणीची काय गरज, अकराच महिने तर आहेत.' नको म्हणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी हवा आणि नोंदलेलाही हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नोंदला नाही तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, मालकानं ते खोटं ठरवेपर्यंत. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. हे त्याला धमकी म्हणून ऐकवू नका, हसत सांगा, 'काका, तुमच्याच भल्याचं आहे.' खर्चही फार नाही. १५ हजार भाडं, ५० हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क सव्वाचारशेच्या आसपास आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अंगठ्याचं यंत्र घेऊन एजंट घरी येतो, त्याची मजुरी वेगळी. साहेब तेव्हा जालंधरलाच असतील तर करार तुमच्या नावानं करा, काही बिघडत नाही. तुमची माहिती पोलिसांना कळवणं हेही मालकाचंच काम, पण आधी स्वतःच विचारा, 'पोलीस व्हेरिफिकेशनला कुठली कागदं देऊ?' तो प्रश्न ऐकून मालकाचा चेहरा कसा सैल पडतो बघा.

बहुतेक करारांत लॉक-इन असतो: सहा महिन्यांच्या आत सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं द्या. तुमच्यासाठी फास आहे तो. करारात भाडेकरूला, म्हणजे तुम्हाला, 'परवानाधारक' म्हणतात. जास्तीच्या अटींत हे वाक्य घालून घ्या, जसंच्या तसं: 'परवानाधारकाच्या पतीची बदली झाल्यास अथवा त्यांना सरकारी निवासस्थान मिळाल्यास परवानाधारक एक महिन्याची लेखी सूचना देऊन हा करार संपवू शकेल. अशा वेळी लॉक-इनची अट लागू राहणार नाही आणि संपूर्ण अनामत रक्कम घराचा ताबा परत देतेवेळी अदा केली जाईल.' यातले 'ताबा परत देतेवेळी' हे शब्द सोडू नका. 'नंतर' म्हटलं की तुम्ही पुढच्या स्टेशनला आणि डिपॉझिट पुण्यात. एखादा मालक अट ऐकून नाराज होईल. दोन महिने लॉक-इन मान्य करते म्हणा, त्याच्या पुढं नाही. तरी ऐकलं नाही तर उठा, ते घर तुमचं नाही. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जादा पैसे घेते. ते तो तुमच्या माथी मारायला बघेल. ती रक्कम सोसायटीच्या सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसते आणि देणं मालकाचं असतं. एवढं तुम्हाला माहीत आहे हे कळलं तरी पुरतं.

आणि घर ताब्यात घेताना 'मार्चिंग इन' करा. हसू नका. एमईएसचा, म्हणजे लष्कराची क्वार्टर्स सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस क्वार्टर देताना कसा पंखे, तोट्या, काचा, कड्या मोजून कागदावर सही घेतो? आणि मार्चिंग आऊटच्या दिवशी खिडकीची एक तडकलेली काच कशी पगारातून कापून जाते? आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या तोच कागद बाहेरच्या घरात कामाला येतो. प्रत्येक खोलीचे फोटो, भिंतींवरच्या ओलीचे डाग, गीझर चालतो का, महावितरणचं शेवटचं बिल भरलंय का आणि मीटरचा आकडा. यादीवर दोघांच्या सह्या. मालक गोंधळेल, म्हणेल, 'एवढं कशाला वहिनी?' त्याला म्हणावं, फौजी सवय. हीच यादी तेव्हा माझ्याकडे असती तर 'रंगाचे' पैसे कुणाच्या बापाला कापता आले नसते. जालंधरहून निघताना गॅसवाल्याकडून तिकडचं टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, मात्र आठवणीनं घ्या.

सामान उतरवायचं तर सोसायटीला वेळ विचारा. पुष्कळ ठिकाणी रविवारी लिफ्टमधून पेट्या चढवू देत नाहीत. तुम्ही एप्रिलमध्ये येताय ते बरं आहे. ज्येष्ठात आला असता तर पालखीच्या दिवशी ट्रक अडकला असता: माऊलींची पालखी आळंदी रोडनं, तुकोबांची दापोडी-बोपोडीवरून, दोन्ही तुमच्याच रस्त्यांनी. त्या दिवशी घर बदलायचं नाही, चहाचं पातेलं घेऊन रस्त्यावर उभं राहायचं.

राहिल्या जाऊबाई. 'नको' म्हणायची गरजच नाही, त्यांना 'हो' म्हणा, फक्त तारीख घालून. हडपसरहून खडकीला दोन पोरांना शाळेत न्यायचं म्हणजे सगळं शहर आडवं कापायचं, रोज दोनदा. आठ महिने ते होणार नाही हे त्यांनाही कळेल, तुम्ही तोंडानं सांगायचीही गरज पडणार नाही. पण फेब्रुवारीतले तुमचे चार दिवस त्यांच्याकडेच काढा. घर बघायला त्यांना बरोबर न्या. पुण्यात राहिलेली बाई आहे, मालकाशी भाव तुमच्यापेक्षा बरा करेल, आणि 'थोरल्या जाऊबाईंनी पसंत केलेलं घर' म्हटलं की मानाचा प्रश्नही मिटला. मग मार्चअखेर सामान येईपर्यंत आठवडाभर सगळे तिथं उतरा. निघायची तारीख आधीच सांगून ठेवा, कराराची तारीख तीच. सामान लवकर आलं किंवा घर लांबलं तर युनिटमध्ये फॅमिली गेस्ट रूमसाठी साहेबांनी आधीच अर्ज टाकलेला बरा. तुम्हाला जाऊबाईंकडे राहणं का नको आहे ते पत्रात लिहिलं नाहीत, मी विचारतही नाही. एका ओट्यावर दोन बायकांचा महिना कसा जातो हे मी पाहिलंय.

आणि पेट्या. साहेबांना सांगा, काळा रंग लावून घ्या, वर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि 'खडकी, पुणे' एवढंच लिहा. खालच्या दोन ओळींची जागा मोकळी सोडायला सांगा. ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा छोटा डबा ट्रकमध्ये न टाकता स्वतःच्या पिशवीत ठेवा.